तुरीवरचे मळभ

मार्गशीर्षाचे आभाळ अद्याप मोकळे झालेले नाही, आणि देगलूरकडच्या लेंडी नदीकाठच्या काळ्या जमिनीत तूर ऐन फुलोऱ्यात उभी असता हे मळभ पाहून चित्ताला स्वस्थता लाभत नाही. कारण ज्या फिकट तपकिरी पतंगाची मादी रात्रीच्या वेळी कळ्याफुलांवर एकेक करीत शेकडो अंडी घालते, त्या घाटेअळीच्या वंशविस्ताराला हीच दमट, उबदार हवा मानवते. थंडी कडक पडली म्हणजे अंडी उशिरा फुटतात, अळीची वाढ मंदावते, मातीतला कोष दीर्घकाळ निद्रिस्त राहतो. परंतु रात्री उबदार झाल्या की हे सारे चक्र वेगाने फिरू लागते, आणि तुरीवर पोसलेली पिढी पुढे हरभऱ्यावर उतरते. जोराचा पाऊस मात्र अंडी व नवजात अळ्या धुऊन नेतो.

पंचनामे होतात ते नुकसानीनंतर. कामगंध सापळ्यात सलग दोन-तीन दिवस ८ ते १० नरपतंग सापडणे ही त्यापूर्वीची वर्दी होय, आणि माझ्या मते तिची नोंद पीकपाहणीइतक्याच निष्ठेने गावदप्तरी राहिली पाहिजे. अळी लहान असतानाच निंबोळी अर्क किंवा घाटेअळीचा विषाणू, एचएनपीव्ही, फवारणे श्रेयस्कर. मात्र त्या विषाणूला सूर्याचे अतिनील किरण निष्प्रभ करतात, म्हणून देगलूरच्या शिवारातही ही फवारणी दिवस कलल्यावरच करावी.