छातीवरचे अक्षर आणि छातीतले

नॅथॅनियल हॉथॉर्न या अमेरिकन लेखकाची ‘द स्कार्लेट लेटर’ ही कादंबरी १८५० साली प्रसिद्ध झाली. महाविद्यालयात इंग्रजी साहित्य घेतलेल्या आमच्या वाचकांपैकी काहींनी ती परीक्षेपुरती वाचली असेल. आम्हीही ती प्रथम तशीच वाचली. परीक्षा केव्हाच आटोपली. पुस्तक मात्र दर काही वर्षांनी कपाटातून खाली उतरते.

कथा सतराव्या शतकाच्या मध्यावरच्या बोस्टनमधली. इंग्लंडहून आलेल्या प्युरिटनांची ही वसाहत. धर्म आणि शासन तेथे इतके एकजीव झालेले, की पाप कोठे संपते व गुन्हा कोठे सुरू होतो हे सांगणे अवघड. दीर्घकाळ पतीचा पत्ता नसलेली हेस्टर प्रिन तान्हुली पर्ल हिला कवेत घेऊन तुरुंगाबाहेर येते, ती छातीवर लाल कापडाचे, जरीने भरलेले ‘ए’ हे अक्षर मिरवीत. व्यभिचाराचे ते इंग्रजी आद्याक्षर. पण तो शब्द साऱ्या कादंबरीत एकदाही येत नाही. भर बाजारातल्या चौथऱ्यावर तिला तीन तास उभे केले जाते. साथीदाराचे नाव ती सांगत नाही. ते सांगण्याची जाहीर विनवणी तिला जो तरुण पाळक करतो, तो आर्थर डिम्सडेल हाच त्या बालिकेचा पिता असतो.

प्रत्यक्ष इतिहास याहून कठोर होता. असे अक्षर अंगावर वागवण्याचा कायदा मॅसॅच्युसेट्समध्ये १६९४ साली झाला. कादंबरीतल्या काळात तेथे या अपराधाला देहदंड होता, आणि १६४४ साली एका स्त्रीला व एका पुरुषाला फाशी देण्यातही आली. हॉथॉर्नने हेस्टरला जगवले, कारण त्याला मरणापेक्षा त्यानंतरच्या सात वर्षांत अधिक रस होता.

त्या सात वर्षांत हेस्टर गावाच्या कडेला राहते, शिवणकामावर पोट भरते, आजाऱ्यांच्या उशाशी बसते. हळूहळू लोक त्या अक्षराचा अर्थ बदलून घेतात. ‘ए’ म्हणजे समर्थ, असे म्हणू लागतात. लाज उघड्यावर असल्यामुळे तिला ऊनवारा लागतो आणि ती झिजते. पाळकाचे उलटे होते. तो रात्री बंद दाराआड स्वतःला चाबकाने फोडून काढतो. व्यासपीठावरून ‘मी अधमातला अधम आहे’ असे तो सांगतो, तेव्हा श्रोते त्याची नम्रता पाहून गहिवरतात. हे कबुलीजबाब किती सोयीचे आहेत हे त्याला कळते, आणि तरीही तो तेच पुन्हा बोलतो. आमच्या मते कादंबरीतला सर्वांत क्रूर भाग हाच. खोटे न बोलता लपण्याची ही विद्या प्युरिटनांपुरती राहिली असती तर आम्ही हे पुस्तक केव्हाच बाजूला ठेवले असते.

येथे कॅथोलिक वाचकाच्या मनात एक विचार येतोच. आमच्या परिचयाचे एक वृद्ध धर्मगुरू गमतीने म्हणत, की डिम्सडेल कुमसाराला गेला असता तर कादंबरी चौथ्या प्रकरणात संपली असती. हॉथॉर्नलाही हा विचार अपरिचित नव्हता. चौथऱ्यावर बाळासह उभ्या असलेल्या हेस्टरला पाहून त्या गर्दीतल्या एखाद्या कॅथोलिकाला पवित्र मातेची आठवण झाली असती, असे तो लिहितो. अर्थात विरोधही लगेच दाखवतो. पुढे ‘द मार्बल फॉन’ (१८६०) या कादंबरीत तर न्यू इंग्लंडची एक प्युरिटन वंशाची मुलगी, हिल्डा, डोळ्यांदेखत घडलेल्या खुनाचे ओझे असह्य होऊन रोमच्या संत पेत्राच्या महामंदिरातील पापनिवेदनाच्या खुर्चीपाशी गुडघे टेकते. ती कॅथोलिक नसल्यामुळे तिला पापमुक्ती मिळत नाही. पण मन मोकळे करून ती उठते तेव्हा हलकी झालेली असते. (हॉथॉर्नची धाकटी कन्या रोझ १८९१ साली कॅथोलिक झाली आणि पुढे गरीब कर्करोग्यांची सेवा करणाऱ्या डॉमिनिकन भगिनींची संस्थापिका ठरली. पित्याने हे पाहिले नाही. तो १८६४ सालीच वारला होता.)

तरीही त्या धर्मगुरूंशी आम्ही पूर्णपणे सहमत होऊ शकत नाही. हिल्डाने पाप केलेले नव्हते, ते केवळ पाहिले होते. डिम्सडेलचे तसे नाही. समजा, त्याने कानात सांगून पापक्षमा मिळवली असती. बाजारात ते अक्षर हेस्टरच वागवीत राहिली असती, आणि पर्लला बाप नसताच. भरपाईचे काय, हा प्रश्न चांगल्या धर्मगुरूने त्याला तेथेच विचारला असता. कादंबरीत तो एक लहान मुलगी विचारते. मध्यरात्री, कोणी पाहत नसताना, पाळक त्याच चौथऱ्यावर चढतो व मायलेकींना शेजारी उभे करतो. तेव्हा पर्ल विचारते, की उद्या दुपारी तू आमच्याबरोबर असाच उभा राहशील का? तो म्हणतो, उद्या नाही, अंतिम न्यायाच्या दिवशी. देवासमोर उभे राहण्याची त्याची तयारी आहे; शेजाऱ्यांसमोर नाही. ‘लोक काय म्हणतील’ या वाक्याच्या छायेत वाढलेल्या आम्हां मंडळींना ती रात्र समजावून सांगावी लागत नाही.

हॉथॉर्नला हा प्रश्न घरातूनच मिळाला होता. १६९२ साली सेलममध्ये जादूटोण्याच्या आरोपावरून १९ जणांना फाशी दिली गेली. त्या प्रकरणातला एक न्यायाधीश जॉन हॅथॉर्न हा त्याचा खापरपणजोबा. दुसरा न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल १६९७ च्या जानेवारीत बोस्टनच्या आपल्या प्रार्थनामंदिरात, भरल्या सभेत उभा राहिला. दोष व लज्जा आपल्या शिरावर घेणारा त्याचा कागद पाळकाने वाचला आणि वाचून होईपर्यंत तो उभाच होता. जॉन हॅथॉर्नने असे काही केल्याची नोंद नाही. दीडशे वर्षांनी त्याच्या वंशजाने कादंबरीच्या प्रस्तावनेत पूर्वजांची लाज स्वतःकडे घेतली. जिवंतपणी जे त्या न्यायाधीशाने केले नाही, ते नातवंडाच्या नातवंडाला छापून करावे लागले.

डिम्सडेल शेवटी उभा राहतो. निवडणुकीच्या दिवशी, प्रवचनाची वाहवा चालू असताना, तो हेस्टर व पर्ल यांचे हात धरून भर उजेडात चौथऱ्यावर चढतो, छातीवरचे वस्त्र दूर करतो आणि कोसळतो. पर्ल त्याचे चुंबन घेते. बहुतेकांना त्याच्या छातीवर हेस्टरच्यासारखेच अक्षर उमटलेले दिसले. पण गावात असे काही प्रतिष्ठित साक्षीदारही निघाले, ज्यांनी सांगितले की छाती नवजात बालकासारखी स्वच्छ होती, पाळकाने काहीही कबूल केले नव्हते, आणि आपण सारेच पापी आहोत हे शिकवण्यासाठी तो संत मुद्दाम त्या पतितेच्या बाहूंत मरण पावला.