पाव, अर्धा, पाऊण

आमच्या घरी संध्याकाळी साडेपाच वाजले की काहीतरी संपते. कधी कॉफीची पूड, कधी उदबत्ती, कधी नुसते शर्टाचे बटण. खरे म्हणजे ते संपलेले नसते. पण निवृत्त माणसाला निमित्तावाचून घराबाहेर पडणे उगीचच संकोचाचे वाटते, आणि आमच्या घरात तर निवृत्त माणसे दोन. म्हणून डबे पुढे ओढून पाहायचे, अर्धा भरलेला असला तरी 'आणायला हवे' असे एकाने म्हणायचे, दुसऱ्याने पिशवी झटकायची आणि क्लॉक टॉवरच्या दिशेने चालू लागायचे, असा वर्षानुवर्षांचा परिपाठ आहे. तिथून जनरल बाजार, मोंढा मार्केट, जेम्स स्ट्रीट. रस्त्याचे नाव महात्मा गांधी मार्ग झाले त्यालाही आता युगे लोटली, पण आमच्या तोंडी अजून जेम्स स्ट्रीटच येते.

सिकंदराबादेत राहणाऱ्याला बाजार हे काम वाटत नाही, याचे कारण गावाच्या घडणीतच असावे. १८०६ मध्ये तिसरे निजाम सिकंदर जाह यांच्या नावाने हुसेनसागराच्या उत्तरेस इंग्रजांची छावणी वसली. जुनी माणसे गावाला अजून 'लष्कर' म्हणतात. आषाढातला उज्जयिनी महाकालीचा बोनालूही 'लष्कर बोनालू'च. फौजेमागून तमिळ मुदलियार आले, मारवाडी, गुजराती, पारशी आले, आणि रेल्वेमागून आमच्यासारखे मराठी. आमचे आजोबा नांदेडहून निजामाच्या रेल्वेत कारकून म्हणून आले आणि परत गेले नाहीत. आजी भाजीला निघताना कनवटीला दोन गाठी बांधत असे, एकीत हाली नाणी, दुसरीत कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब तिला बोटे न मोडता येत असे. शाळेचे तोंड न पाहिलेली ती बाई, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी सगळी मुखोद्गत. संध्याकाळी दिवा लावला की परवचा म्हणायचा आणि शेवटी पाऊणकी न चुकता आली तरच गुळाचा खडा मिळायचा. तो खडा आम्हां दोघांच्याही बालपणात आहे, कारण दुसऱ्याच्या माहेरीसासरी हीच रीत होती. (माहेर कोणाचे, हा तपशील पुढे येणाऱ्या एका अटीमुळे आम्ही पुसट ठेवतो आहोत.)

या गावाने आमच्या स्वयंपाकघरात काय काय आणून ठेवले ते एकदा नीट लिहायला हवे. अंबाडीची भाजी आम्ही मूळचीच खाणारे. इथे तिला गोंगुरा म्हणतात हे कळल्यावर तिचे तिखटजाळ लोणचेही बरणीत आले. संक्रांतीला आम्ही शेजारी तिळगूळ द्यायचा आणि त्यांच्याकडून तांदळाच्या पिठाची, तीळ-ओवा घातलेली सकिनालू यायची. वेटोळ्या घालायच्या त्या सुती कापडावर, हाताने. आमच्या घरी एकालाही ती जमली नाहीत. पुरणपोळीला शेजारीण 'बक्षालु' म्हणते आणि तूप आमच्याहून सढळ हाताने घालते. कॉफी तमिळ लोकांची. मोंढ्याजवळच्या दुकानात बिया समोर भाजून दळून मिळतात. ऐंशी भाग कॉफी आणि वीस भाग चिकोरी, हे प्रमाण आमच्या वडिलांनी ठरवले आणि दुकानदाराच्या वडिलांनी ध्यानात ठेवले. कागदी पुडी हातात येते तेव्हा ती कोमट असते. घरी येईपर्यंत ती पिशवीत न ठेवता हातातच धरायची, हा आमचा नियम.

आणि चहा इराण्याचा. इराण्याच्या चहाविषयी बाहेरगावच्या माणसाला सांगताना आम्ही नेहमीच जरा वाहवत जातो. कोरा चहा झाकणबंद भांड्यात मंद आचेवर मुरत ठेवलेला असतो, दूध वेगळे आटत असते, आणि दोहोंची गाठ कपातच पडते. त्यामुळे तो घरी होत नाही. कितीही प्रयत्न करा, घरचा चहा तो घरचा चहाच होतो. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, बशीत खारट-गोड उस्मानिया बिस्किटे आणि कांद्याचे चिमुकले समोसे. स्टेशनासमोरचे अल्फा सगळ्यांना ठाऊक; पॅराडाइजही १९५३ साली चित्रपटगृहाला लागून असलेले साधे उपाहारगृह म्हणून सुरू झाले, बिर्याणीची कीर्ती मागून आली. आमचे इराणी त्यांच्याइतके नामांकित नाही. तिथे पंखा फिरतो, वर्तमानपत्राची पाने वेगवेगळ्या टेबलांवर वाटली जातात, आणि एक म्हातारे वेटर आहेत ते अजूनही जुनी भाषा बोलतात. 'पौना' मागितला की त्यांना आनंद होतो. आजकालच्या पोरांना पौना म्हणजे काय तेही माहीत नाही, असे ते सांगतात.

२०२२ च्या श्रावणात आम्हां दोघांपैकी एकाला पक्षाघाताचा झटका आला. कोणाला, ते लिहीत नाही; ज्याला आला त्याची तशी अट आहे. उजवा हात दुबळा झाला, पाय महिनाभरात बरा झाला, पण बोलणे गेले. म्हणजे आवाज होता, समजत सगळे होते, डोळे उत्तर देत होते, आणि शब्द सापडत नव्हता. समोर पेला धरला तर तो कशासाठी असतो हे हाताने दाखवता येई, त्याचे नाव येत नसे. वैद्यकात याला वाचाघात म्हणतात. सत्तेचाळीस वर्षे ज्या दोघांनी एकमेकांची वाक्ये अर्ध्यात तोडून पुरी केली, त्यांच्या घरात आता वाक्येच नव्हती. रात्री दिवा मालवल्यावर बोलायची सवय होती. ती वेळ सर्वांत अवघड.

वाचा-उपचार करणाऱ्या तरुण बाई फार समजूतदार होत्या. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, मेंदूत पाठ म्हणून साठलेले कधीकधी शिल्लक राहते. वार, अंक, स्तोत्र हे ओघाने येते, सुटा शब्द मात्र येत नाही. तो ओघ हाती लागला तर धरून ठेवा. दुसरी, शब्द अडला की तो चटकन पुरवू नका, थांबा. मात्र त्या तेलुगू, हिंदी आणि इंग्रजीतून उपचार करीत. मराठीचे तुमचे तुम्हांला करावे लागेल, असे त्या म्हणाल्या.

थांबणे फार कठीण असते. जो बोलू शकतो त्याच्या जिभेवर दुसऱ्याचा शब्द तयार असतो, आणि तो गिळायचा असतो. आम्ही घरी सराव करायला बसलो की दहा मिनिटांत एकाला रडू येई आणि दुसऱ्याला राग. चित्रांची पुस्तके आणली होती. सत्तरीच्या माणसापुढे हत्तीचे चित्र धरून 'हे काय?' विचारणे दोघांनाही लाजिरवाणे वाटे. कार्तिकात ती पुस्तके कपाटात गेली.

मग एके दिवशी साडेपाच वाजता, जुन्या सवयीने, कॉफी संपली. हळूहळू चालत गेलो. परतताना इराण्याकडे टेकलो. म्हाताऱ्या वेटरांना ठाऊक नव्हते, चार महिने का आला नाहीत, असे त्यांनी विचारले आणि उत्तराची वाट न पाहता आत वळून हाक दिली, "दो पौना!"

"पाऊण," आमच्यातला अबोल माणूस म्हणाला.

स्वच्छ, पुऱ्या उच्चाराने. मग थांबून, खालच्या आवाजात, संगमरवरावर डाव्या हाताचे बोट टेकवीत: एक पाव, पाव, दोन पाव, अर्धा, तीन पाव, पाऊण. आजीच्या दिव्यापुढचा तो सूर होता. चार पाव एक, इथवर आल्यावर बशीतला चहा पुसायला फडके मागावे लागले, कारण दुसऱ्याचा हात हलला होता.

त्या दिवसापासून आमची किरकोळ कामे गंभीर झाली. यादीत एका वेळी एकच वस्तू, आणि ती मागायची अडलेल्याने. 'पाव किलो' सगळ्यांत आधी आले, कारण ते मराठीतही पाव आणि तेलुगूतही 'पावु'. मग 'गिरणी' आले. तेलंगणात पिठाच्या चक्कीला 'गिर्नी'च म्हणतात, तेव्हा रिक्षावाला आणि आम्ही एकाच शब्दावर उभे. 'नको' येईना, पण भाजीवाल्याने जास्तीची कोथिंबीर टाकताच तोंडून 'नक्को' निघाले. दखनीने हा शब्द आपल्याकडूनच नेला, तसाच 'वईच'मधला 'च'ही. तीन-चारशे वर्षांपूर्वी दिलेली उसनवारी अशी दाराशी येऊन परत मिळेल, असे कोणाला वाटले असते? घरी येईपर्यंत 'नक्को'चे 'नको' झाले होते. त्या रात्री आम्ही एकमेकांना बऱ्याच गोष्टींसाठी 'नको' म्हणून पाहिले.

मोंढ्यातली माणसे थांबत. हे आम्हांला अनपेक्षित होते. कॉफीवाल्याने पुडी बांधून तयार ठेवली तरी हात पुढे केला नाही, 'ऐंशी' यायची वाट पाहत राहिला. मागे उभ्या गिऱ्हाइकांना त्याने तमिळमध्ये काहीतरी सांगितले आणि तेही उभे राहिले. एका चकचकीत दुकानात मात्र कोणी थांबले नाही. तिथल्या मुलाने वस्तूंच्या पाटीवर बोट ठेवायला सांगितले. त्याचाही दोष नाही, मागे रांग होती. आम्ही पुन्हा त्या दुकानी गेलो नाही इतकेच.

मुलगी पुण्यात असते. तिचे म्हणणे, तिथे या. मराठीतून उपचार करणारे मिळतील, आजूबाजूला सगळे मराठी बोलणारे. म्हणणे खरे आहे आणि प्रेमाचे आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही दोन महिने राहून आलो. उपचार चांगले झाले. नावे वाढली, क्रियापदे सुधारली. पण फोनवर बोट ठेवले की पाव किलो कॉफी दाराशी येत होती, थंड, आणि आणून देणाऱ्या मुलाशी बोलायला त्याच्याकडे वेळ नव्हता. साडेपाचला आम्ही गॅलरीत बसत होतो. कोथिंबीर, साखर, सुतळी, कशाचेच नाव घ्यावे लागत नव्हते. एकदा बाईंनी विचारले, घरी काय बोलता? आमच्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते.

हे लिहिताना आमच्यात मतभेद आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. एकाला वाटते की पुण्याला जायला हवे होते, पहिल्या वर्षीच, आणि आम्ही गावाच्या लोभाने औषध नाकारले. दुसऱ्याला वाटते की शब्द जिथे हरवला तिथेच शोधायचा असतो. ज्याची वाचा गेली होती त्याचे मत पहिले आहे, असे वाचकांनी गृहीत धरू नये. मुलगी दर महिन्याला विचारते. आम्ही दर महिन्याला दिवाळीचे नाव पुढे करतो.

गाव तरी कुठे जागचे राहिले आहे! २०१७ पासून डोक्यावरून मेट्रो जाते, पॅराडाइज आता एका स्थानकाचेही नाव आहे. स्टेशनाची जुनी दर्शनी इमारत पुनर्बांधणीसाठी २०२५ मध्ये पाडली, तेव्हा रेल्वेतल्या कारकुनाची नातवंडे म्हणून आम्ही पाहायला गेलो आणि धुळीने खोकत परतलो. क्लॉक टॉवर मात्र १८९७ पासून उभा आहे, आणि त्याची घड्याळे कितीही वेळ दाखवोत, खाली उभे राहून 'किती वाजले?' विचारणे हा आमचा रोजचा अभ्यास आहे. 'सव्वासहा' येते. 'पावणेसात' आले की थोडा अभिमान. परवा 'साडेपाच'च्या जागी 'साडेकॉफी' आले आणि रस्त्यात दोघेही इतके हसलो की पानवाल्याने खुर्ची पुढे केली.

साखर आता दोघांनाही वर्ज्य आहे, निदान कागदावर. म्हणून एक पौना दोघांत. काल म्हाताऱ्या वेटरांनी दुसरा कप आणून ठेवला, कोऱ्या चहाच्या रंगाची धार दोन्हींत सारखी पडेल अशी काळजीपूर्वक ओतली, आणि आमच्यातल्या एकाने विचारले, पाऊणचे अर्धे किती झाले? अपूर्णांकांत बोलायचे तर तीन अष्टमांश. विचारणाऱ्याला तेवढेच येत होते. दुसऱ्याने कप ओठाला लावला, खाली ठेवला. पंखा फिरत होता. वेटर फडके हातात धरून उभे राहिले. बराच वेळ गेला.

"दीड पाव," उत्तर आले.