भावाची मज्जा, बहिणीचे रक्त

रक्ताच्या कर्करोगाचे नाव निघताच आपल्या खेड्यांतून अजूनही माणसे आवाज खाली आणतात. हाडांच्या पोकळीतील मज्जेत रक्त तयार होते आणि तेथेच हा रोग घर करतो. म्हणून तो कापून काढता येत नाही. मग रोगट मज्जाच समूळ नष्ट करून तिच्या जागी निरोगी माणसाची मज्जा रुजविली तर? हा विचार ज्यांनी आयुष्यभर उरी बाळगला, ते डॉ. डॉनल थॉमस १९२० साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात, मार्ट नावाच्या लहान गावी, एका खेडवळ डॉक्टरच्या घरी जन्मले.

१९५७ साली त्यांनी आपले पहिले सहा रोगी जगापुढे मांडले. त्यांपैकी एकही शंभर दिवसांपलीकडे जगला नव्हता. शिरेतून सोडलेली मज्जा हाडांपर्यंत आपली वाट आपणच शोधते, हे खरे. परंतु परकी मज्जा रुजली तरी पुष्कळदा ती रोग्याच्याच त्वचेवर, यकृतावर, आतड्यांवर उलटते. बहुतेक संशोधकांनी हा मार्ग सोडून दिला. थॉमस मात्र कुत्र्यांवरील प्रयोगांकडे वळले आणि मज्जेची जुळणी कशी पहावी, हे वर्षानुवर्षे शिकत राहिले. त्यांच्या पत्नी डॉटी प्रयोगशाळेत त्यांच्या बरोबरीने राबत व त्यांचे निबंधही तपासून देत. १९७७ साली सिॲटलहून त्यांनी शंभर रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला; त्यांत तेरा जण रोगमुक्त होऊन जगले होते. शंभरांत तेरा! व्यापाऱ्यास हा हिशेब तोट्याचा वाटेल. पण त्या शंभरांपैकी कोणालाही अन्य उपायांची आशा उरलेली नव्हती. १९९० साली थॉमस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २०१२ साली ते निवर्तले.

त्यांच्यापाशी सिॲटलला जाऊन ही विद्या शिकलेले डॉ. सुरेश अडवाणी यांचे पाय बालपणीच पोलिओने गेले होते. चाकांच्या खुर्चीत बसून वैद्यकी करणाऱ्या या गृहस्थांनी १९८३ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात एका मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. आपल्या देशातील हे पहिले यशस्वी मज्जारोपण.

हे सारे मी वाचून काढले ते आमच्या धर्मग्रामातील एका मातेच्या प्रश्नामुळे. "फादर, थोरल्याला वाचवायला धाकट्याची मज्जा काढली तर तो जन्माचा दुबळा होईल का हो?" एका लेकरासाठी दुसऱ्याला टेबलावर निजवायचे, ही भीती काही अडाणीपणाची नव्हे. मी तिला सांगितले की, मज्जा कण्यातून काढीत नाहीत. भूल देऊन कमरेच्या हाडातून घेतात. चार दिवस ठणका राहतो आणि काही आठवड्यांत शरीर ती भरून काढते. हल्ली तर पुष्कळदा काही दिवस सुया टोचून, दंडातील रक्तातूनच त्या मूलपेशी वेगळ्या करतात. मात्र सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याचा योग चारांत एक एवढाच.

धाकट्याची जुळली नाही. जुळली ती सासरी नांदणाऱ्या बहिणीची. आता सासरचे काय म्हणतील, या धास्तीने त्या माउलीने दोन दिवस तिला कळविलेच नाही. अखेर कळविले, तेव्हा सासूबाईंनी नातवाला शेजारणीकडे ठेवले आणि सुनेबरोबर त्या स्वतः इस्पितळात जाऊन राहिल्या. रोपण होऊन आठ महिने झाले. औषधे अद्याप चालू आहेत.