शिरोड्याच्या अलीकडे थांब

माझ्या वहीत एक पान आहे. वर लिहिलंय : चिपी ते दाबोळी, ४१ सागरी मैल, १०० नॉट, २५ मिनिटं. खाली दोन संध्याकाळींची खाडाखोड. पंचवीस मिनिटांच्या प्रवासासाठी, तोही खुर्चीत बसून, पडद्यावर, सेकंडहँड ग्राफिक्स कार्डच्या जोरावर.

मी वेंगुर्ल्यात काजूच्या कारखान्यात बिलं करतो. रात्री विमान चालवतो. फ्लाइट सिम्युलेटरवर.

खरं विमान चालवायचं होतं. बारावीनंतर, २०१९ मध्ये, मेडिकलला गेलो. ठिपक्यांची ती पुस्तिका समोर आली. रंगीत ठिपक्यांमध्ये आकडे लपलेले असतात. पहिला दिसला, नंतरच्या बऱ्याच पानांवर मला फक्त ठिपकेच दिसत होते. मग अंधाऱ्या खोलीत दिव्यांची चाचणी झाली. तिथेही तेच. लाल आणि हिरवा मला नीट वेगळे कळत नाहीत, हे मला एकोणिसाव्या वर्षी कळलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं की हा दोष आईकडून मुलाकडे येतो. आई शेजारीच बसली होती. परतीच्या गाडीत ती एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मित्रांना मी सांगितलं, पैसे जमले नाहीत. पायलटच्या ट्रेनिंगचा खर्च ऐकला की कुणी पुढे विचारत नाही.

२०२० च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टचा नवा फ्लाइट सिम्युलेटर आला. उपग्रहाच्या फोटोंवरून उभी केलेली अख्खी पृथ्वी, आणि तीत आमचं वेंगुर्लं. त्यात कोणी ठिपके दाखवत नव्हतं.

पुढे मी वॅटसिमवर गेलो. हे २००१ पासून चालू असलेलं जाळं आहे. जगभरचे हौशी लोक त्यावर विमानं उडवतात आणि दुसरे हौशी लोक कंट्रोलर बनून त्यांना रेडिओवर सूचना देतात. सगळे फुकट, सगळे गंभीर. चुकलात तर प्रेमाने, पण सगळ्यांच्या देखत, चूक दाखवली जाते.

मला आवडतं ते व्हीएफआर, म्हणजे बाहेर डोळ्यांनी बघून उडणं. खाली नदी, रस्ता, किल्ला ओळखायचा आणि नकाशाशी जुळवायचा. ढगांपासून लांब राहायचं. भारतात अशी उड्डाणं साधारणपणे दिवसाउजेडीच करायची असतात. हे सोपं वाटतं, पण नाही. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअर लाइन्सचं डीसी-८ विमान मुंबईत सांताक्रूझऐवजी जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं आणि पट्टी ओलांडून पुढे गेलं. जीव कुणाचा गेला नाही. त्याआधी १९५३ मध्ये बीओएसीच्या कॉमेट विमानानेही जुहूलाच सांताक्रूझ समजून हीच चूक केली होती. दोन्ही विमानांत अनुभवी माणसं होती. डोळ्यांना जे बघायचं असतं ते दिसतं. म्हणून एका खुणेवर विसंबायचं नाही. दोन खुणा जुळल्या तरच खरं मानायचं.

आता आमच्या भागाची गंमत बघा. ९ ऑक्टोबर २०२१ ला आमच्याच तालुक्यात चिपीचा विमानतळ सुरू झाला. ५ जानेवारी २०२३ पासून मोप्याहून विमानं उडू लागली. दाबोळी तर आधीपासून आहेच, आणि तो नौदलाचा तळ. वेंगुर्ल्याच्या बंदरावर उभं राहिलं तर सरळ रेषेत साठ किलोमीटरच्या आत तीन विमानतळ. प्रत्येकाभोवती नियंत्रित हवाई हद्द. परवानगी मिळाल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही.

चिपीहून किनाऱ्याने दक्षिणेला निघालं की वेंगुर्ला, शिरोडा, रेडी, तेरेखोलचा किल्ला, मग शापोरा, आग्वाद आणि दाबोळी. खुणा इतक्या ठळक की नकाशा बंद केला तरी चालेल. अडचण दुसरीच आहे. मोप्याच्या धावपट्टीची रेषा पश्चिमेला वाढवली की ती शिरोडा-रेडीच्या आसपास समुद्रावर निघते. समुद्राकडून उतरणारी विमानं नेमकी तिथे किनारा ओलांडतात. उतरताना विमान दर सागरी मैलाला साधारण तीनशे फूट खाली येतं. किनारा मोप्यापासून दहा मैल, विमानतळ पठारावर. म्हणजे शिरोड्यावर ते विमान साडेतीन हजार फुटांच्या आसपास असणार. मी दीड हजारावर राहिलो तर मध्ये दोन हजार फूट उरतात. आणि ते हवेतच, कारण मोठ्या विमानामागचे भोवरे हळूहळू खाली बसतात. माझं सेसना त्यांत सापडलं तर पालथं होईल.

हे गणित मी पहिल्या वेळी बरोबर केलं होतं. चुकलं ते वेगळंच. शिरोडा आलं तेव्हा रेडिओवर गर्दी होती, मला बोलायला फट मिळेना, आणि मी तसाच पुढे गेलो. कंट्रोलरचा आवाज आला. एक एअरबस माझ्यामुळे वर काढावी लागली होती. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "परवानगी मिळाली नाही तर काय करायचं, हे तुमच्या प्लॅनमध्ये कुठे होतं?"

कुठेच नव्हतं. माझ्या पानावर सगळं 'हो' गृहीत धरून लिहिलेलं होतं.

म्हणून ते पान मी नव्याने लिहिलं. वेंगुर्ल्यावर पोचायच्या आधी पहिला कॉल : कोण, कुठे, किती उंचीवर, काय हवंय. उत्तर नाही आलं तर बंदरावर घिरट्या. इंधन किती वेळ पुरेल, तेही लिहायचं. उजेड किती वेळ, तेही. कुठल्या मिनिटाला परत फिरायचं, तो आकडा आधीच ठरवून त्याभोवती गोल करायचा.

त्या रविवारी आजो आमच्याकडे होता. आजो म्हणजे आईचे वडील. आयुष्यभर तांडेल, आता गुडघ्यांमुळे खुर्चीत. मी साडेपाचला चिपीहून उडालो तेव्हा तो मागे येऊन बसला.

"ह्यां आपला बंदर?"

"होय आजो."

"आणि ता वेंगुर्ला रॉक्स. मगे निवती त्या अंगाक." तो बोट पडद्याला लावून दाखवत होता. समुद्रात मासे कुठे आहेत ते तो असंच सांगायचा : अमुक डोंगराचं टोक आणि तमुक देवळाचा कळस एका रेषेत आले की जाळं टाका. दोन खुणा. मला जे पुस्तकातून शिकावं लागलं ते त्याला हातात होतं.

मी कॉल केला. त्या संध्याकाळी एकच कंट्रोलर तिन्ही विमानतळ सांभाळत होता. तो म्हणाला, हद्दीबाहेर थांबा, मोप्याला चार विमानं येतायत. मी बंदरावर फिरायला लागलो. डावीकडे वळण, जेटी, गाव, समुद्र, पुन्हा जेटी.

"किती येळ?" आजोने विचारलं.

"तो सांगेल तेव्हा."

तिसऱ्या घिरटीला मी सहज सांगितलं की रेडिओ बंद पडला तर टॉवरवरून दिवा दाखवतात. स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि फिरत राहा. "म्हणूनच मला नाही घेतलं."

आजो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माका पण कधी हिरवो-तांबडो दिवो वेगळो कळलो नाय."

मी विमान सरळ करायचं विसरलो.

समोरच्या होडीचा तांबडा दिवा दिसतो की हिरवा, यावरून ती कुठल्या बाजूला चालली आहे ते रात्री कळतं. आजोला ते कधीच कळलं नव्हतं. "मगे काय करायचास?"

"काळोख पडूच्या आदी घराक येवचा. आणि रात्रीचा जावचाच पडला तर पुढे दुसऱ्याक बसवचा. सांगूचा, माझे डोळे दुखतत."

"कोणाला सांगितलं नाहीस?"

"तांडेलाक दिवो वळकाक येणा नाय म्हटल्यार होडीत कोण बसतलो?"

बापाला हा दोष असला की तो प्रत्येक मुलीकडे जातो. तिला स्वतःला सहसा काही जाणवत नाही, आणि तिच्या मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. आई तेव्हा दोन दिवस गप्प होती. आजोला ते माहीत होतं. मी काही बोललो नाही, पण त्याला कळलं असावं. "तेव्हाच सांगूक होया होता तिका," तो म्हणाला. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

पाचव्या घिरटीनंतर हेडफोनमध्ये माझं नाव आलं. परवानगी. दीड हजार फुटांवरून किनाऱ्याने आग्वादपर्यंत. ज्या वाक्यासाठी दोन संध्याकाळी घातल्या ते वाक्य.

मी वहीकडे बघितलं. गोल केलेलं मिनिट होऊन गेलं होतं. आता निघालो तर आग्वादवर अंधार.

"बोलावल्यानी मा? मगे जा," आजो म्हणाला.

"काळोख पडेल आजो."

तो हसला. मी कंट्रोलरला सांगितलं की उजेड पुरणार नाही, चिपीला परत जातोय. तो म्हणाला, चांगला निर्णय. सहा मिनिटांत चिपीची पट्टी दिसली. तिच्या बाजूला चार दिवे असतात, लाल आणि पांढरे, उंची बरोबर आहे की नाही ते सांगणारे. मला ते रंगांपेक्षा कमी-जास्त उजळ म्हणूनच कळतात. दोन मंद, दोन लख्ख. म्हणजे बरोबर.

जेवताना आजोने आईला सांगितलं. ती वाढता वाढता थांबली, मग त्याच्या पानात आणखी एक माशाची तुकडी वाढली. एवढंच.

दाबोळीला मी अजून पोचलेलो नाही. पान वहीत आहे. आणि मित्रांनो, पैशांचं मी खोटं सांगितलं होतं.