आजी आणि गाडीचा हिटर

आमचे गाव निफाड तालुक्यात आहे. येथे हिवाळ्यात लई थंडी पडते. काकांची मोटार जुनी आहे. पहाटे आजीला दवाखान्यात नेताना इंजिन लवकर तापेना व हिटरमधून गार वारा येई. आजी कुडकुडायची. मला वाईट वाटायचे.

काकांनी गाडी चालू करून रेडिएटरचा वरचा पाइप चाचपला. तो लगेच कोमट होऊ लागला. काका म्हणाले, "इंजिनातलं गरम पाणीच हिटरला जातं. पाणी तापेपर्यंत थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट बंद ठेवतो. आपला उघडाच अडकलाय."

इंजिन गार झाल्यावर त्यांनी नवा बसवला. मी टॉर्च धरला.

पुढच्या खेपेला आजी म्हणाली, "चुलीपुढं बसल्यावानी वाटतंय." ती वाटेत झोपली. मला फार आनंद झाला.

इयत्ता चौथी