पाऊस सांगेल ते नाटक

एडिंबरात उन्हाळा येतो तो कॅलेंडरवर. जूनमध्ये दुकानांच्या काचांमागे सुती कपडे लागतात, बागेपाशी आइस्क्रीमची गाडी उभी राहते आणि आम्ही सगळे रेनकोट घालून त्या गाडीपुढे रांग लावतो. ऑगस्टमध्ये भर दुपारी पारा एकोणीस-वीसवर पोचला तरी लोक खूश असतात. पूर्वेचा वारा सुटला की उत्तर समुद्रावरून 'हार' नावाचं धुकं गावात शिरतं आणि कातळावरचा एवढा थोरला किल्ला दिवसाढवळ्या नाहीसा होतो. आणि नेमक्या याच महिन्यात या पाच लाख वस्तीच्या गावानं जगातला सगळ्यात मोठा कलामहोत्सव मांडलेला आहे. तोही एकटा नाही. इंटरनॅशनल फेस्टिव्हल, फ्रिंज, पुस्तक महोत्सव, चित्र-शिल्पांचा महोत्सव, किल्ल्यासमोरचा मिलिटरी टॅटू म्हणजे लष्करी बँडपथकांचा सोहळा, सगळे एकमेकांच्या अंगावर.

माझे सासू-सासरे इथे आले ते अशाच एका ऑगस्टात. सासरे, म्हणजे नाना, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या लेखी पाऊस ही मिलिमीटरमध्ये बोलायची गोष्ट. आठवडाभर खिडकीशी बसून त्यांनी तो पाहिला आणि मग विचारलं, "अगं, वर्षाची सरासरी काय इथली?"

"सातशेच्या आसपास, नाना."

"म्हणजे पुण्याएवढाच की!" त्यांना पटेना. त्यांनी स्वतः फोनवर आकडे काढले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मुंबईत एकट्या जुलैत याहून जास्त पडतो, हेही आम्हाला ऐकवलं. फरक एवढाच की पुण्याचा पाऊस चार महिन्यांत आपला हिशेब चुकता करतो आणि इथला पेन्शनसारखा दरमहा थोडा थोडा येत राहतो. आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, प्रश्न वेगळा होता. "एवढा पाऊस, मग छत्र्या कशा दिसत नाहीत कुणाकडे?" त्यांना मी कोपऱ्यावरची कचरापेटी दाखवली. तीत काड्या मोडलेल्या चार छत्र्या डोकं खाली करून पडल्या होत्या. इथला वारा छत्री टिकू देत नाही. छत्रीवरून पाहुणा ओळखावा आणि टोपीच्या जॅकेटवरून गावकरी.

असा पाऊस थांबायची वाट बघण्यात अर्थ नसतो. 'उघडीप मिळाली की निघू' हे आपल्याकडचं वाक्य इथे कुणी बोलत नाही, कारण उघडीप दहा मिनिटांत येते आणि दहा मिनिटांत जाते. आपल्या लोककलांनी पावसाशी सरळ तह केलेला आहे. तमाशाचे फड दसऱ्याला बाहेर पडतात आणि मृगाच्या आधी आवरतात. कोकणात दशावताराचे पेटारे पावसाळाभर बंद असतात. शहरात तसं नाही, हे पुणेकर म्हणून मला मान्य करायलाच हवं. ऐन ऑगस्टात, ओल्या चपलांच्या ढिगाशेजारी उभं राहून 'अरे आवाज कुणाचा' करत आम्ही भरत नाट्य मंदिरात कॉलेजांच्या एकांकिकांचा पुरुषोत्तम करंडक पाहिलेला आहे. पुरुषोत्तम १९६३ चा. एडिंबरातलं ट्रॅव्हर्स थिएटर, जिथे नव्या नाटककारांची नाटकं होतात, तेही १९६३ चंच. या योगायोगाला काही अर्थ नाही, पण मला तो आवडतो. त्यामुळे नाटक आणि ओल्या कपड्यांचा वास यांची सांगड मला नवी नव्हती. नवी होती ती पावसानं नाटक निवडून देण्याची पद्धत.

ती समजायला थोडं मागं जावं लागेल. महायुद्ध संपलं तेव्हा रुडॉल्फ बिंग हा व्हिएन्नाहून आलेला संगीतनाट्याचा व्यवस्थापक ब्रिटनमध्ये उत्सवासाठी गाव शोधत होता. एडिंबरावर बॉम्ब फारसे पडले नव्हते आणि जॉन फाल्कनर हे तिथले नगरप्रमुख उत्साही होते. २४ ऑगस्ट १९४७ ला पहिला इंटरनॅशनल फेस्टिव्हल सुरू झाला. भारत स्वतंत्र होऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते. नाझींमुळे देशोधडीला लागलेला ब्रूनो वॉल्टर हा वाद्यवृंदसंचालक इथे पुन्हा आपल्या व्हिएन्ना फिलहार्मोनिकसमोर उभा राहिला, कॅथलीन फेरियर गायली. पण मला त्या वर्षातली आवडते ती कोळशाची गोष्ट. किल्ल्यावर रोषणाई करायची होती, आणि देशात कोळशाचा दुष्काळ. इंधनमंत्री शिनवेल यांनी साफ नकार दिला. तेव्हा गावातल्या लोकांनी आपल्या वाट्याचा रेशनचा कोळसा देऊ केला आणि मंत्र्यांना नमतं घ्यावं लागलं. थंडीनं कुडकुडणाऱ्या गावानं चुलीतला कोळसा दिव्यांसाठी द्यावा, हे वाचून मला या लोकांबद्दल जो आदर वाटला तो अजून टिकून आहे.

त्याच वर्षी आठ नाटक मंडळ्या आमंत्रण नसताना आल्या आणि मिळेल त्या जागी खेळ करू लागल्या. त्यातली एक तर खाडीपलीकडे डन्फर्मलिनच्या जुन्या मठात. पुढच्या वर्षी रॉबर्ट केम्प या नाटककारानं एका लेखात त्यांना उत्सवाच्या 'कडेला' बसवलं आणि फ्रिंज हे नाव पडलं. आज ही कडच पदराहून कैक पटींनी मोठी झाली आहे. २०१९ साली फ्रिंजमध्ये ३,८०० हून अधिक कार्यक्रम होते आणि तीस लाखांवर तिकिटं गेली. मुख्य गोष्ट म्हणजे इथे निवड समिती नाही. जागा मिळवा, पैसे भरा, खेळ करा. त्यामुळे भिकार आणि थोर ही दोन्ही नाटकं एकाच जिन्यावरून वर जातात, आणि कोणतं कोणत्या दारामागे आहे ते दार उघडल्याशिवाय कळत नाही.

तीन हजारांतून निवडायचं कसं? नवे लोक महिनाभर आधी तक्ते करतात, रंगीत पेनांनी वेळा जुळवतात. मीही करते, कारण तक्ता करण्यातही एक सुख आहे. पण तो तक्ता पहिल्या सरीपर्यंतच टिकतो. रॉयल माइलवरून, म्हणजे किल्ल्यापासून हॉलीरूड राजवाड्यापर्यंत उतरत जाणाऱ्या रस्त्यावरून, तुम्ही एका गाजलेल्या प्रयोगाला निघालेले असता. हातात कुणीतरी कोंबलेल्या जाहिरातींचा लगदा झालेला असतो. मध्येच आभाळ फाटतं. समोर चर्चचं सभागृह दिसतं, दारात एक भिजलेली मुलगी पाटी धरून उभी असते, पाच मिनिटांत खेळ सुरू होणार असतो. तुम्ही आत जाता. मला सगळ्यात जास्त आठवणारी नाटकं मी अशीच पाहिली आहेत. एकदा दोन बायकांनी एक टेबल, एक दिवा आणि शिवणकामाच्या डब्यातल्या वस्तू एवढ्यावर एका बोटीच्या बुडण्याची गोष्ट सांगितली. प्रेक्षक हाताच्या बोटांवर मोजावेत इतके, निम्मे माझ्यासारखे आडोशाला आलेले. खेळ संपल्यावर टाळ्या वाजवताना बाह्यांतून पाणी उडत होतं. नंतर परीक्षणं शोधली, तर त्यावर कुणी ओळसुद्धा लिहिली नव्हती.

अर्थात पाऊस दर वेळी एवढा रसिक नसतो. एका सरीनं मला तासभर अशा विनोदवीराच्या तावडीत दिलं, ज्याचे सगळे विनोद त्याच्या घटस्फोटित बायकोवर होते. पहिल्याच रांगेत बसल्यामुळे उठताही येईना.

जागा हाही इथला एक खेळच. समरहॉल म्हणजे पूर्वीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. विद्यार्थ्यांना गुरं-घोडी चिरलेली नीट पाहता यावीत म्हणून उभ्या चढणीचे लाकडी बाक केलेले, त्यांवर बसून आता आपण खाली माणसं एकमेकांना चिरताना बघतो. बेडलॅम हे विद्यार्थ्यांचं थिएटर जुन्या चर्चमध्ये आहे. पबांच्या मागच्या खोल्यांतून फुकट खेळ चालतात. शेवटी कलाकार बादली घेऊन दारात उभा राहतो, हल्ली तिच्याशेजारी कार्डाचं यंत्रही असतं. एका खोलीत दिवसाला आठ-नऊ खेळ, दोन खेळांमध्ये जेमतेम पंधरा मिनिटं. त्यामुळे मागच्या प्रेक्षकांनी सोडलेल्या दमट वाफेतच पुढचे जाऊन बसतात. तंबूत खेळ असेल आणि जोराची सर आली तर नट आवाज चढवतात. चांगले नट तसं करत नाहीत. ते थांबतात, वर बघतात, प्रेक्षकांना हसू देतात आणि सर ओसरल्यावर पुढचं वाक्य घेतात.

रस्त्यावरच्या कलाकारांची मात्र दैना होते. ओल्या दगडी फरशीवर शिडी ठेवून तिच्यावर मशाली झेलणं हे धाडस नव्हे, आत्महत्या आहे. ते सामान प्लॅस्टिकखाली झाकून सेंट जाइल्स चर्चच्या भिंतीला टेकून बसतात. उघडलं की आधी टॉवेलनं जमीन पुसतात. त्या पुसण्यालाही गर्दी जमते, म्हणून हुशार कलाकार तेही रंगवून करतो.

नानांना नाटकं इंग्रजीमुळे अवघड जात, म्हणून त्यांना टॅटूला नेलं. किल्ल्यासमोरच्या मैदानावर दर वर्षी नव्यानं उभारलेल्या बाकांवर साडेआठ हजारांच्या वर माणसं बसतात. १९५० पासून हे चाललंय. छत्री उघडायची नाही, मागच्याला दिसत नाही म्हणून. सगळ्यांनी प्लॅस्टिकचे पारदर्शक झगे चढवलेले. खेळ सुरू व्हायला आणि पाऊस लागायला एकच गाठ पडली. शेकडो बॅगपाइप आणि ढोल पाण्यातून चालत आले, दिव्यांच्या झोतांत पावसाच्या रेघा दिसत होत्या. "नाना, जायचं का?" मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा ते रागावले. "एवढे लोक भिजत बसलेत आणि मीच काय साखरेचा आहे?" परतताना मात्र त्यांनी खात्यातल्या माणसाच्या नजरेनं मैदानाच्या उताराची आणि पाणी वाहून जाण्याची तोंड भरून स्तुती केली. टॅटू पावसाला जुमानत नाही, वाऱ्यापुढे मात्र झुकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये फ्लोरिस वादळ आलं त्या दिवशी खेळ रद्द झाला, फ्रिंजचेही पुष्कळ प्रयोग त्या दिवशी बुडाले.

नानांना मी एक गोष्ट सांगितली ती त्यांना टॅटूपेक्षाही आवडली. १९८२ साली हबीब तन्वीर आपले छत्तीसगढी नट घेऊन इथे आले, 'चरणदास चोर' केलं आणि 'द स्कॉट्समन' या वृत्तपत्राचा फ्रिंज फर्स्ट पुरस्कार घेऊन गेले. १९८७ मध्ये मणिपूरच्या रतन थिय्यम यांच्या 'चक्रव्यूह'ला तोच मान मिळाला. कुठल्या भाषेतलं नाटक कुठल्या गावात, आणि ऐकणारे स्कॉटिश! नानांनी लगेच ताडलं, "म्हणजे मला इंग्रजी कळत नाही ही काही सबब नाही." उरलेल्या दिवसांत त्यांनी दोन मूकनाट्यं आणि एक सर्कस पाहिली.

हे सगळं वाचून ऑगस्टातलं एडिंबरा म्हणजे स्वर्ग असं वाटत असेल तर इथल्या भाडेकरूंना विचारा. महिन्याभरासाठी खोल्यांची भाडी अशी चढतात की कलाकारांचे तिकिटांचे पैसे त्यातच जातात. खूप गावकरी घर भाड्यानं देऊन गाव सोडतात. बस वळसे घेतात. २०२२ च्या ऑगस्टात सफाई कामगारांनी संप केला तेव्हा उत्सवाच्या गर्दीत रस्तोरस्ती कचऱ्याचे डोंगर उभे होते, आणि पगाराबद्दल त्या कामगारांचं म्हणणं चूक नव्हतं. आम्हा मराठी मंडळींची अडचण आणखी वेगळी. २०१७ साली गणेश चतुर्थी २५ ऑगस्टला आली, फ्रिंज २८ पर्यंत. अशा वर्षी सभागृह मिळवायला गेलं की प्रत्येक दारावर आधीच कुणाचं तरी नाटक लागलेलं असतं. मग बाप्पा कुणाच्या तरी दिवाणखान्यात बसतात आणि आरतीला जिन्यापर्यंत माणसं उभी राहतात.

पुस्तक महोत्सवानं मात्र पावसापुढे हात टेकले. १९८३ पासून तो शार्लट स्क्वेअरच्या बागेत तंबूंत भरायचा. लाकडी फळ्यांवरून चालायचं, खाली चिखल, आत लेखक बोलतोय आणि वर थेंब. २०२४ पासून तो लॉरिस्टन प्लेसवरच्या जुन्या रॉयल इन्फर्मरीच्या, म्हणजे एकेकाळच्या इस्पितळाच्या, नूतनीकरण केलेल्या इमारतीत गेला आहे. सोय झाली, व्हीलचेअरवरच्या वाचकांचे हाल थांबले, पुस्तकं ओली होत नाहीत. तरी तंबूतल्या सभा जास्त रंगायच्या असं माझं मत आहे. बाहेर पाऊस असताना कुणी मधेच उठून जात नसे, आणि लेखकाला प्रश्न विचारणारेही जरा जास्त वेळ विचार करून बोलायचे.

आता भाचीनं विचारलंय, पुढच्या ऑगस्टला येऊ का. तिला कळवलंय की ये. हॉटेल परवडणार नाही, माझ्याकडेच उतर. टोपीचं जॅकेट आण, छत्री नको, मोजे दुप्पट आण. तिकिटं आधी काढायचीच असतील तर दिवसाला एकाचं काढ. ऐन वेळी अर्ध्या किमतीची तिकिटंही मिळतात, पण त्यांच्यासाठीही तक्ते करत बसू नकोस. सर आली की जवळचं दार बघ. आणि खेळ टुकार निघू शकतो, म्हणून पहिल्या रांगेत बसू नकोस, एवढंच.