पोर्तोरोझची परिषद आणि मिरजेची आशाताई

वैद्यकीय विद्यार्थ्यांचा आयएफएमएसए नावाचा एक आंतरराष्ट्रीय महासंघ आहे. दुसरं महायुद्ध संपल्यानंतर, १९५१ साली, कोपनहेगनमध्ये त्याची स्थापना झाली. वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि ऑगस्टमध्ये, वेगवेगळ्या देशांत त्याची सर्वसाधारण सभा भरते. मला ठाऊक होतं ते एवढंच. मार्च २०१९ ची सभा स्लोव्हेनियात पोर्तोरोझला होती. भारताच्या चमूत माझं नाव लागलं, पण तिथे आठवडाभर नेमकं काय करायचं असतं याची मिरजेहून निघतानाही मला कल्पना नव्हती.

निघण्याआधीचे दिवस कागदपत्रांत गेले. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा, कॉलेजचं ना हरकत पत्र, बाबांची आयकर विवरणपत्रं, बँकेचा शिक्का असलेलं स्टेटमेंट, सगळं गोळा करता करता परीक्षेचा अभ्यास मागे पडला. व्हेनिसला उतरून आम्ही बसने त्रिएस्तेवरून स्लोव्हेनियात शिरलो. या देशाला समुद्रकिनारा आहे तो जेमतेम ४७ किलोमीटर, आणि पोर्तोरोझ त्याच किनाऱ्यावरचं पर्यटनाचं गाव. पाट्या स्लोव्हेन आणि इटालियन अशा दोन्ही भाषांत. मार्च म्हणजे तिथला हंगाम नव्हे. गाव शांत होतं, आणि गजबज होती ती आमच्यासारख्या, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेल्या विद्यार्थ्यांची.

पहिल्या दिवशी मी पुरती गोंधळले. महासंघाच्या सहा स्थायी समित्या आहेत: वैद्यकीय शिक्षण, सार्वजनिक आरोग्य, लैंगिक आणि प्रजनन आरोग्य, मानवी हक्क आणि शांतता, आणि विद्यार्थी देवाणघेवाणीच्या दोन. त्यांची लघुनावं स्कोम, स्कोफ, स्कोरा, स्कोर्प, स्कोप आणि स्कोर. हॉटेलच्या लिफ्टमध्ये दोन मुली या नावांत भराभर बोलत होत्या, आणि इंग्रजी चांगलं येत असूनही मला त्यातलं अक्षर कळेना. आमच्या चमूची प्रमुख केरळची, शेवटच्या वर्षाला होती. तिने माझं वेळापत्रक घेतलं, ‘स्कोफ’ या शब्दाभोवती पेनाने गोल केला आणि म्हणाली, “सकाळी इथे बस. नारिंगी टी-शर्ट दिसले की आत शीर. रात्री प्लेनरीत माझ्या शेजारी बस आणि न कळलेलं सगळं लिहून ठेव.” मी अगदी तसंच केलं.

प्लेनरी म्हणजे महासभा. प्रत्येक देशाचं टेबल ठरलेलं आणि त्यावर नावाचा फलक. बोलायचं असेल तर फलक उंचावायचा, मत द्यायचं तरी फलकच. कोणी ठराव मांडतो, दुसरा अनुमोदन देतो, अध्यक्ष विचारतात, कोणाचा विरोध आहे का? नसेल तर ठराव मंजूर. असेल तर बाजू ऐकायच्या आणि मतदान घ्यायचं. घटनेतल्या एका उपकलमातल्या एका शब्दावर इतका वेळ चर्चा चालली की मला त्याचं मर्मच कळेना. मग मतदान झालं. एकशे तीस कोटींहून अधिक लोकसंख्येच्या भारताचा एक फलक वर गेला आणि जेमतेम पाच लाखांच्या माल्टाचाही एकच. दोघांचं वजन सारखं. तेव्हा मला त्या काटेकोरपणाचं कारण उमगलं. नियम ढिले असते तर मोठ्या आवाजाच्या देशांनीच सभा चालवली असती. नियम होते म्हणूनच लहान देशाच्या दुसऱ्या वर्षातल्या विद्यार्थ्याचं म्हणणंही सर्वांना ऐकून घ्यावं लागत होतं.

पण माझी खरी परिषद झाली सकाळच्या स्कोफमध्ये, एका छोट्या गटात. विषय होता लसीबद्दलची साशंकता. त्याच वर्षी जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने जगाच्या आरोग्यापुढच्या दहा मोठ्या धोक्यांत तिचा समावेश केला होता. संघटनेच्या युरोप विभागात २०१८ मध्ये गोवराचे ८२,००० हून अधिक रुग्ण नोंदले गेले, आणि त्यातले पन्नास हजारांवर एकट्या युक्रेनमध्ये. आमच्या गटात युक्रेनची एक विद्यार्थिनी होती. २००८ साली तिच्या देशात गोवर-रुबेला लसीनंतर एक मुलगा दगावला. मृत्यूचं कारण लस नव्हती असं तपासात दिसलं, पण तोवर लोकांचा विश्वास उडाला होता आणि मोहीम कोलमडली होती. हे सांगून तिने मला विचारलं, “तुमच्याकडे पालक ‘नाही’ म्हणाले की तुम्ही काय करता?”

मी शिकायला आले होते. मला कोणी काही विचारेल असं वाटलंच नव्हतं. पण याचं उत्तर माझ्याजवळ होतं. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ ला गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली, तेव्हा नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आतल्या मुलांना लस देणाऱ्या पथकांबरोबर आम्ही विद्यार्थीही शाळाशाळांत होतो. मिरजेजवळच्या एका शाळेत मोबाइलवरच्या संदेशामुळे बऱ्याच आयांनी मुलांना घरीच ठेवलं. तिथल्या आशाताईंनी भाषण दिलं नाही. त्या आयांना घेऊन व्हरांड्यात बसल्या आणि नेमकी भीती कशाची वाटते ते विचारत राहिल्या. एकच सुई सगळ्यांना टोचतात, ही त्यातली मोठी भीती होती. आशाताईंनी सर्वांसमोर नवं पाकीट फोडलं, दट्ट्या एकदा ओढून शेवटपर्यंत दाबला आणि सिरिंज एका आईच्या हातात दिली. म्हणाल्या, “आता ओढून बघा.” दट्ट्या हलेना, कारण एकदा वापरली की ही सिरिंज आपोआप निकामी होते. त्या आईने स्वतः जोर लावून पाहिला, मग शेजारणीकडे दिली. दुपारपर्यंत त्यातल्या बऱ्याच मुलांच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर लस घेतल्याची मार्करची खूण होती.

गटात प्रश्नांची सरबत्ती झाली. आशाताईंना पगार असतो का? त्या त्याच गावच्या असतात का? लोक डॉक्टरपेक्षा त्यांचं का ऐकतात? त्या गावातल्याच असतात, पगार नसतो, कामागणिक मोबदला मिळतो, हे सांगताना त्यांचं काम किती मोलाचं आणि मोबदला किती अपुरा, हे मलाच नव्याने जाणवलं. युक्रेनच्या मुलीने वहीत लिहून घेतलं: आधी भीती विचारा, मग हातात देऊन दाखवा.

देवाणघेवाणीच्या दालनात मी फार वेळ नव्हते, पण त्याची पद्धत सांगायलाच हवी. दोन देशांचे विद्यार्थी टेबलाशी बसून करार करतात: तुमचा एक विद्यार्थी आमच्याकडे, आमचा एक तुमच्याकडे. राहण्याची सोय आणि दिवसाला किमान एक जेवण यजमानांकडे. दरवर्षी हजारो विद्यार्थी असेच परदेशातल्या रुग्णालयांत महिनाभर काम शिकून येतात.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी एवढंच सांगेन: कार्यपद्धतीची नियमावली आधी वाचा, लघुनावांची यादी जवळ ठेवा, आणि कळलं नाही की लगेच विचारा, तिथे कोणी हसत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जाण्याआधी आपल्या तालुक्यातलं प्राथमिक आरोग्य केंद्र डोळसपणे पाहून घ्या, कारण तिथे तुमच्याकडून हवं असतं ते तेच. आणि महाविद्यालयांना विनंती आहे. विमान, व्हिसा, नोंदणी हा सारा खर्च घरच्यांवर पडतो, म्हणून ज्यांना परवडतं तेच जातात. वर्षाला एका गरजू विद्यार्थ्याचा खर्च उचलला, तरी आपल्या जिल्ह्यात शिकलेलं काम जगाच्या टेबलावर मांडणारा एक आवाज वाढेल.